इसवी सन १९६१ : आपल्या मुलखाचे एक वर्ष

(गणेशपुरी येथे भरलेल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



गणेशपुरीत सभा भरली म्हणजे वक्त्याने बाबांच्या समाधीस वंदन करून भाषणास प्रारंभ करावा, हे उचितच होय. ते कर्तव्य पार पाडून आम्ही विषयाकडे वळतो. चिटणीसांनी आम्हांस 'आपल्या मुलखाचा इतिहास' असा विषय दिला होता. हा विषय समुद्राएवढा. तो अर्ध्या तासाच्या घागरीत मावावयाचा नाही. म्हणून आम्ही त्यातील एकच वर्ष उचलले आहे. ते वर्ष म्हणजे इसवी सन १९६१.

१८५७, १९४२, १९४७ ही वर्षे शाळेतील मुलांसही पाठ असतात. १९६० चा १ मे तर आपण दरसाल साजरा करतो. १९६१ मात्र कोणी पाठ करीत नाही. तथापि महाराष्ट्र राज्याचे पहिले पूर्ण वर्ष ते हेच. आणि या एका वर्षात इतक्या गोष्टी घडल्या की, आजच्या आपल्या घराचा, शाळेचा, लग्नकार्याचा व या गणेशपुरीचाही एकेक धागा तेथे जाऊन पोचतो. त्या वर्षी आम्ही पाळण्यातले मूल होतो. सबब पुढे जे सांगणार, ते डोळ्यांनी पाहिलेले नव्हे. वाचून व वडीलधाऱ्यांकडून ऐकून जमविलेले आहे. ते जमविताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. त्या वर्षातील प्रत्येक घटनेनंतर एकच प्रश्न उभा राहिलेला दिसतो : आता पुढचे कोणी करावयाचे? आजचे आमचे सांगणे या एका प्रश्नाभोवती आहे.

प्रथम मुलूख पाहू. तानसा नदीच्या काठी अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी येथे गंधकयुक्त उष्ण पाण्याची कुंडे आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली व देवीस केलेला नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ बांधविले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्याच नदीवर, वरच्या अंगास शहापूर तालुक्यात, १८९२ साली तानसा धरण पुरे झाले व मुंबईकरांची तहान भागू लागली. १९६१ साली हा सर्व मुलूख, थेट डहाणू-तलासरीपर्यंत, एकाच ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई आणि वाडा तिकडे गेले, भिवंडी तालुका व त्यासोबत गणेशपुरी-वज्रेश्वरी ठाण्यात राहिली. नकाशावर रेघ पडली, सोयरिकी मात्र पूर्वीप्रमाणेच दोन्हीकडे आहेत.

वर्षाचा आरंभ शिरगणतीने झाला. स्वतंत्र भारताची ही दुसरी शिरगणती. घरोघर हिंडून माणसे मोजण्याचे काम मुख्यतः प्राथमिक शिक्षकांनी केले, याचा आम्हांस व्यवसायबंधू म्हणून अभिमान आहे. महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लक्षांहून अधिक भरली. देशात शंभरांपैकी सुमारे २४ माणसांसच लिहिता-वाचता येत होते. या गणतीत अनुसूचित जाती व जमाती वगळता इतरांची जात नोंदविली गेली नाही. सर्व जातींची शेवटची मोजदाद १९३१ ची. पुढील शिरगणतीत जात विचारावी असे केंद्र सरकारने २०२५ साली ठरविले आहे. पण मधल्या नव्वद-पंचाण्णव वर्षांत आपली ज्ञाती किती होती, कोठे होती, काय करीत होती, हे कोणत्या दप्तरात पाहावे? सरकारी दप्तरात ते नाही. असलेच तर ते आपल्या या स्मरणिकेच्या जुन्या अंकांत आहे. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. आम्ही शेवटी त्याकडे परत येणार आहोत.

उन्हाळ्यात दिल्लीस एक अपूर्व गोष्ट घडली. हुंडाबंदीच्या विधेयकावरून लोकसभा व राज्यसभा यांचे एकमत होईना. लग्नात दिलेल्या भेटी हुंडा समजाव्या की समजू नयेत, हा वादाचा एक मुद्दा होता. तेव्हा मे १९६१ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावण्यात आली. घटना अंमलात आल्यापासूनची अशी ही पहिलीच बैठक. विधेयक संमत झाले आणि १ जुलै १९६१ पासून हुंडा प्रतिबंधक कायदा लागू झाला. साऱ्या देशाची संसद एकत्र बसली ती आपल्या मुलींच्या लग्नासाठी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्या वडिलांच्या काळी या बाजूच्या शेतकरी घरांत हुंड्यापेक्षा देजाची चाल अधिक होती. मुलगे शिकले, नोकरीस लागले, आणि शिक्षणाबरोबर हुंडा घरात आला. ज्या विद्येने तो जावा, तिच्याच हाताला धरून तो यावा, यासारखी शिक्षकास खेदाची दुसरी गोष्ट नाही. आज कोणी 'हुंडा' हा शब्द उच्चारीत नाही. त्याऐवजी 'तुमच्या मुलीला जे द्यायचे ते द्या' असे म्हणतात. शिवाय हळदीच्या रात्रीचा खर्च लग्नाहून मोठा होऊ लागला आहे. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारून पहाटेपर्यंत जो गजर चालतो, त्यासाठी भाताची जमीन विकलेली घरे आम्हांस ठाऊक आहेत. आपणांसही ठाऊक असतील. कायदा झाला त्याला साठाहून अधिक वर्षे लोटली. पुढचे कोणी करावयाचे होते? ते ज्ञातीने, म्हणजे आपण करावयाचे होते. ते अद्याप व्हावयाचे आहे.

कायदा लागू झाला त्यानंतर अकरा दिवसांनी पुण्यावर संकट कोसळले. मुठेस मिळणाऱ्या अंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरे झालेले नसताना त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठविले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीचे बांधकाम अपुरे होते; तिच्यावरची माती खचू लागली. सैन्यातील जवानांनी वाळूची पोती रचून रात्रीच्या वेळी धरण थोपवून धरले. तरी १२ जुलै १९६१ रोजी सकाळी ते फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फोडले, आणि पाणी पुण्यात शिरले. नदीकाठच्या पेठा बुडाल्या, पूल पाण्याखाली गेले, हजारो कुटुंबे एका दिवसात निराधार झाली. धरण मध्यरात्री न फुटता दिवसा फुटले म्हणून कितीएक जीव वाचले, आणि ते त्या जवानांमुळे, अशी पुणेकरांची कृतज्ञ भावना आहे.

आपली गावे तानसा धरणाच्या खालच्या अंगास आहेत. आषाढात नदी दोन्ही काठ भरून वाहू लागली की धरणाखाली राहणे म्हणजे काय, हे आपणांस निराळे सांगणे नलगे. पानशेतचा बोध असा की, कामाची घाई झाली म्हणजे अपुरे राहिलेले काम निसर्ग दाखवून देतो. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते नंतरचे. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने पुनर्वसनाची धुरा सदाशिव गोविंद बर्वे या कर्तबगार अधिकाऱ्याकडे दिली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पुण्याने हात जोडून बसण्याऐवजी चिखल उपसण्यास आरंभ केला, म्हणून आजचे पुणे दिसते.

पुण्यातील चिखल अद्याप वाळला नव्हता, तोच आपल्या गणेशपुरीवर शोकाची छाया पडली. येथे थोडे विस्ताराने बोलण्याची आम्ही परवानगी मागतो. स्वामी नित्यानंद हे मूळचे केरळातील. कान्हनगड, मंगळूर असा दक्षिणेत बराच काळ घालवून ते या बाजूस आले आणि १९३६ च्या सुमारास गणेशपुरीस भीमेश्वराच्या देवळापाशी स्थिरावले. तेव्हा येथे दाट रान होते. कुंडे होती, देऊळ होते आणि आसपास आदिवासींचे पाडे होते. कमरेला एक लंगोटी, बोलणे मोजके, अशी बाबांची राहणी. त्यांनी कोणता पंथ काढला नाही, व्याख्याने दिली नाहीत, स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. पण माणसे येऊ लागली. माणसांमागून रस्ता आला, धर्मशाळा आल्या, दुकाने आली. येणाऱ्यांनी पुढे ठेवलेल्या वस्तूंचे बाबांना अप्रूप नव्हते. आसपासच्या मुलांच्या पोटात अन्न पडावे याचे त्यांना अप्रूप होते. म्हणून येथे बालभोजन सुरू झाले. शाळेत मूल टिकावयाचे असेल तर आधी त्याचे पोट भरले पाहिजे, हे तत्त्व शिक्षणखात्यास उमगण्यापूर्वी या रानात अंमलात आले होते, हे आम्ही शिक्षक या नात्याने मुद्दाम नमूद करतो.

१९६१ साली २७ जुलै रोजी गुरुपौर्णिमा आली. त्यानंतर बारा दिवसांनी, आषाढ वद्य पक्षात, मंगळवार ८ ऑगस्ट १९६१ रोजी बाबांनी देह ठेवला. ज्या एका माणसाभोवती हे गाव वसले, तो माणूस गेला. गाव पुन्हा रानात बुडून जाईल, असे त्या वेळी कोणास वाटले असल्यास नवल नव्हते. आता पुढचे कोणी करावयाचे, हा प्रश्न येथे जेवढा कठीण होता तेवढा क्वचितच कोठे असेल. कारण बाबा उत्तर देण्यास नव्हते, आणि असते तरी फार बोलले नसते.

उत्तर हळूहळू मिळाले. समाधिमंदिर उभे राहिले, बालभोजन बंद पडले नाही. बाबांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांचा आश्रम १९५६ पासून येथे होताच. १९७० नंतर ते देशोदेशी गेले, आणि गणेशपुरीचे नाव परदेशातील माणसांच्या तोंडी ऐकू येऊ लागले. १९८२ साली तेही समाधिस्थ झाले. या साऱ्याचे ग्रंथ झाले, छायाचित्रे झाली. परंतु दगड कोणी फोडला, चुन्याची घमेली कोणी वाहिली, बालभोजनाचा भात कोणाच्या शेतात पिकला आणि तो कोणत्या बाईने रांधला, हे कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. ती माणसे आपली होती. आपल्या ज्ञातीची होती, शेजारच्या पाड्यांवरील होती.

येथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाबांनी काही लिहिले नाही असे आम्ही म्हणालो. तरी त्यांची वचने आज 'चिदाकाश गीता' या नावाने उपलब्ध आहेत. ती कशी राहिली? मंगळूरकडील तुळशीअम्मा नावाच्या एका भक्त बाईने जे कानी पडले ते टिपून ठेवले, म्हणून राहिली. एका बाईने हाती लेखणी धरली नसती, तर ते शब्द वाऱ्यावर गेले असते.

बाबांच्या देहावसानानंतर तिसऱ्याच दिवशी, ११ ऑगस्ट १९६१ रोजी, आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील दादरा व नगर हवेली हा प्रदेश विधिपूर्वक भारतात सामील झाला. तो पोर्तुगीजांच्या हातून १९५४ सालीच सुटला होता. त्या लढ्यात महाराष्ट्रातील तरुण स्वयंसेवक होते. आपले आवडते संगीतकार सुधीर फडके हेही त्यांपैकीच. वर्ष संपता संपता, १९ डिसेंबर रोजी, भारतीय सैन्याने गोवा, दमण व दीव मुक्त केले. गोव्यावरील साडेचारशे वर्षांची परकी सत्ता दोन दिवसांच्या कारवाईत संपली. ज्या चिमाजी अप्पांनी वसईतून फिरंग्यांस घालविले, त्यांच्या वज्रेश्वरीच्या पायरीवर बसून ही वार्ता ऐकणाऱ्यास काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी!

पण येथेही गोष्ट त्या दिवशी पुरी झाली नाही. गोमंतकाचे लढवय्ये मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. गोवा स्वतंत्र झाला, त्यासाठी लढलेला माणूस बंदीत! त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांसारख्या माणसांनी वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. विजयाच्या दिवशी गुलाल उधळणारे पुष्कळ असतात. मागे राहिलेल्या एका माणसाची सात वर्षे आठवण ठेवणारे थोडे. आणि समाज टिकतो तो या थोड्यांमुळे.

त्याच वर्षी मराठी सारस्वतातही एक नवी गोष्ट झाली. ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे बसल्या. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांची पहिली सभा भरल्यापासून त्या स्थानी बसणाऱ्या या पहिल्या स्त्री. विदर्भातील ही विदुषी नागपूरास इंग्रजी शिकवीत असे. 'पासंग' हा तिचा टीकालेखसंग्रह प्रसिद्ध आहे. दुर्दैव असे की, त्याच वर्षी १७ नोव्हेंबर रोजी तिचे निधन झाले. तिच्यानंतर त्या स्थानी दुसरी स्त्री, दुर्गाबाई भागवत, १९७५ साली आली. मार्ग एकीने मोकळा केला तरी त्यावर दुसरे पाऊल पडण्यास चौदा वर्षे लागली, हेही ध्यानात घ्यावे.

शेवटची घटना आमच्या जिव्हाळ्याची. त्या वेळचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या समितीने १९६१ च्या मार्चमध्ये आपला अहवाल दिला, त्यावरून त्याच वर्षी महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. जुने लोकल बोर्ड व स्कूल बोर्ड गेले. गावची शाळा, दवाखाना, विहीर, रस्ता यांचा कारभार लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती आला. गोरा साहेब जाऊन देशी साहेब आला एवढ्याने स्वराज्य होत नाही. गावच्या शाळेचे कौल कधी बदलावयाचे हे गावाने ठरविले, म्हणजे ते होते. २०११ पासून या संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. आपल्या ज्ञातीच्या भगिनीही आता निवडून येतात, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र सही बाईंची व कारभार यजमानांचा, असे जेथे चालते तेथे कायद्याचा निम्मा हेतू वाया गेला असे समजावे.

त्याच काळात आपल्या जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ आदिवासी मुलांसाठी काम करीत होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यावी, असा त्यांचा मार्ग. मुले गुरे राखावयास जात, तेव्हा कुरणातच शाळा भरू लागली. अंगणात बालवाडी भरली, आणि 'अंगणवाडी' हे नाव पुढे १९७५ पासून देशभर झाले. आज आपल्या गल्लीत जी अंगणवाडी आहे, तिचे मूळ आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे.

आणि आज जिल्हा परिषदेच्या शाळेत आपली मुले कोठे आहेत? आम्ही उभा जन्म त्या शाळांत काढला. एका बाकावर तिघे बसत, तेथे आज एका वर्गात सात मुले दिसतात. आईबाप सकाळी पिवळ्या गाडीत मूल बसवून इंग्रजी शाळेत धाडतात. त्यांस आम्ही दोष देत नाही. मुलाचे कल्याण कोणाला नको? पण ज्या शाळेने आपल्या तीन पिढ्या वाचावयास शिकविल्या, ती बंद पडत असता तिच्या सभेस जाण्यासही आपणांस सवड नसावी, हे बरे नव्हे. शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. गाव करील ते राव काय करील, असे आपणच म्हणतो. मग गावाने बसावयाचे कधी?

बंधुभगिनींनो, १९६१ या वर्षाने आपल्याला कायदा दिला, मुलूख दिला, स्वतःचा कारभार दिला. आणि एक मोठा आधार काढूनही घेतला. त्यापुढचे काम जेथे माणसांनी उचलले तेथे पुणे उभे राहिले, रानडे सुटले, बालभोजन चालू राहिले. जेथे उचलले नाही तेथे हुंडा नाव बदलून राहिला आणि शाळा ओस पडू लागली. याहून अधिक तात्पर्य आम्हांस सांगता येणार नाही.

आता मघाचा मुद्दा. त्या वर्षी ज्यांचे वय पंधरा होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. बाबांच्या अंत्यदर्शनास गर्दीतून वाट काढीत गेलेली, गोव्याची वार्ता ऐकून पेढे वाटलेली, लोकल बोर्डाच्या शाळेत पाटी घेऊन गेलेली माणसे आपल्या ओसरीवर बसलेली आहेत. पुढील मेळाव्यास त्यांतील किती असतील, हे ईश्वर जाणे. म्हणून संघाच्या वतीने आमची प्रत्येक घरास विनंती आहे की, पुढील स्मरणिकेसाठी एकच पान लिहून पाठवावे. घरातील सर्वांत वडील माणसाजवळ नातवाने वही घेऊन बसावे आणि विचारावे : आजी, त्या वर्षी आपले घर कोठे होते? कूड होता की भिंत? भात किती खंडी पिकला? लग्नात काय दिले, काय घेतले? शाळेत कोण गेले, कोण गेले नाही, आणि का? बाबांना कोणी पाहिले? जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे उतरावे. आपल्या घरच्या बोलीची लाज वाटू देऊ नये. खाली सांगणाराचे नाव, गाव व वय लिहावे. शुद्धलेखन तपासण्याचे काम आमच्याकडे सोपवावे. त्या कामातून आम्ही अद्याप निवृत्त झालेलो नाही.

तुळशीअम्माने एका साधूचे बोल राखले. आपण आपल्या आजीचे राखावे, एवढेच मागणे आहे. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!